चुना, बीड आणि पत्रा : नॅचेझच्या बाजारपेठेतल्या एका दुकानाची दुरुस्ती

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ हे नदीच्या काठावरचं, साधारण दोनशे फूट उंच कड्यावर वसलेलं छोटं गाव. मेन स्ट्रीट, फ्रँकलिन स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत जुनी दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. आमच्या हाती आलेलं दुकान १८९० च्या दशकातलं. दोन मजले, रुंदी २५ फूट, खोली ९० फूट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. खाली बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आणि मोठी तावदानं, वर विटांची भिंत आणि कमानीच्या चार खिडक्या, आणि माथ्यावर नक्षीदार पत्र्याची कॉर्निस, म्हणजे भिंतीबाहेर आलेली पट्टी. या भागातल्या जुन्या व्यापारी इमारतींची हीच ठेवण. त्यामुळे इथे जे करावं लागलं, ते थोड्याफार फरकानं इतरत्रही करावं लागतं.

ही दुकानं टिकली त्यामागे नशिबाइतकंच दारिद्र्य आहे. नॅचेझ कापसावर श्रीमंत झालं. यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला तेव्हा १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईच्या कापूस बाजारात जो पैशाचा पूर आला, तो अशाच नदीकाठच्या गावांच्या धक्क्यांवर थांबलेल्या गाठींमुळे. युद्धात गाव जवळजवळ शाबूत राहिलं. पुढे १९०७ च्या सुमारास कापसाच्या बोंडांतला भुंगा मिसिसिपीत शिरला आणि पीक बसलं. पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं राहिलं. नंतर थोडा पैसा आला तेव्हा लोकांनी दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले, विटांना रंग फासला आणि विटांमधल्या दरजांत सिमेंट भरलं. आमचं निम्मं काम या सुधारणा काढण्याचं होतं.

पहिली वीट हलवण्याआधी फोटो. प्रत्येक भिंत, प्रत्येक खोली, छत, कोपरे, आणि कुठून काढला ते नकाशावर बाणाने दाखवलेलं. हा कंटाळवाणा भाग मन लावून केला नाही तर पुढे पैसे बुडतात. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आलेल्या परिसरातली, उत्पन्न देणारी इमारत असेल तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते आणि मिसिसिपी राज्याची २५ टक्के वेगळी. अर्ज आधी राज्याच्या पुराभिलेख व इतिहास विभागाकडे आणि तिथून केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जातो. त्याचे तीन भाग असतात. पहिल्यात इमारत ऐतिहासिक आहे हे दाखवायचं, दुसऱ्यात काय करणार ते, तिसऱ्यात काय केलं ते. जमीन वगळून इमारतीची जी किंमत मालकाच्या हिशेबी वहीत उरलेली असते, तिच्यापेक्षा जास्त खर्च २४ महिन्यांच्या आत व्हावा लागतो. दुसरा भाग मंजूर होण्याआधी काम सुरू केलं तर जोखीम तुमची. आणि तोडलेल्या गोष्टीचा आधीचा फोटो नसेल, तर ती तशीच होती हे सिद्ध करता येत नाही.

मग पाणी. हा कडा लोएसचा, म्हणजे वाऱ्यानं वाहून आणलेल्या बारीक गाळाचा. कोरडा असताना ही माती उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते. भिजली की साखरेसारखी बसते. मागच्या बाजूला पन्हळीचा नळ पायाशीच मोकळा सोडलेला होता आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात भिंतीला पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी चीर होती. चिरेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तीन महिने पाहिलं, एकही तडकली नाही. म्हणजे हालचाल थांबलेली होती. नळ बंद पाइपानं रस्त्याच्या गटाराला जोडला, पायाजवळची माती भिंतीपासून दूर उतरती केली, आणि मगच चिरेला हात लावला. हा क्रम उलटा झाला की भरलेली चीर पुढच्या वर्षी पुन्हा उघडते.

अशा दुकानांचं छप्पर पुढून मागे हळूहळू उतरतं. पुढे आणि दोन्ही बाजूंना विटांचा कठडा असतो, त्यामुळे रस्त्यावरून छप्पर दिसत नाही. हा कठडा अख्ख्या इमारतीतला सर्वांत ओला भाग, कारण तो दोन्ही अंगांनी आणि डोक्यावरूनही भिजतो. माथ्यावरच्या भाजलेल्या मातीच्या टोप्यांचे सांधे उघडले होते आणि वरचे सहा थर हातानं उचलता येत होते. ते उतरवले, विटा साफ केल्या आणि त्याच पुन्हा रचल्या. टोप्यांखाली पत्र्याचा सलग थर घातला. छपराचा पाणी अडवणारा पडदा कठड्यावर चढतो तिथे किमान आठ इंच वर नेऊन विटांच्या दरजेत खोचला. डांबर फासून भागवलेलं होतं, तिथूनच पाणी आत जात होतं.

आता चुना. इथे जरा थांबून लिहितो, कारण या गावांतल्या इमारतींचं सर्वांत जास्त नुकसान दरजांमध्ये होतं.

जुन्या विटा मऊ असतात. बाहेरची बाजू आगीत भाजून थोडी कडक झालेली, आत मात्र नखानं खरवडता येईल अशी. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायची वाट शोधते. दरज चुन्याची असेल तर ओल दरजेतून निघते, क्षार तिथेच साठतात आणि पन्नास-साठ वर्षांनी दरज झिजते. ती पुन्हा भरता येते. दरज सिमेंटची असली की ओल विटेतून निघते, क्षार विटेच्या कातडीमागे साठतात, लोणा फुटतो आणि विटेचा तोंडवळाच गळून पडतो. उन्हात विटा फुगतात तेव्हाही तेच. चुना दबून जागा देतो, सिमेंट देत नाही, म्हणून विटेच्या कडा तुटतात. दरज विटेपेक्षा नेहमी कमजोर हवी. अमेरिकेत दरजेत भरायच्या मालाच्या ताकदीप्रमाणे अक्षरं ठरलेली आहेत. एम २५०० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब), एस १८००, एन ७५०, ओ ३५० आणि के फक्त ७५. बाजारात पिशवीत तयार मिळतो तो बहुधा एन किंवा एस. अशा विटांना ओ ही ताकदीची कमाल मर्यादा समजावी. आम्ही दर्शनी भिंतीत सिमेंट अजिबात घातलं नाही.

जुन्या मालाचा नमुना पावसापासून सुरक्षित अशा चार जागांवरून काढला. कॉर्निसखालून, खिडकीच्या कमानीखालून, अशा. लाकडी हातोडीनं हलकेच फोडला. दळायचा नाही, नाहीतर वाळूचे कणही फुटतात. मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. चुना फसफसून विरघळतो, वाळू खाली राहते. ती धुऊन, वाळवून चाळण्यांतून काढली की कणांचं प्रमाण कळतं. वाळूचे कण गोलसर आणि मातकट पिवळे निघाले, अधूनमधून न विरलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके. दरजेचा रंग चुन्यापेक्षा वाळू ठरवते, विशेषतः सर्वांत बारीक कण. म्हणून मालात रंगाची पूड घालण्यापेक्षा योग्य वाळू शोधण्यात दोन आठवडे घालवावेत. आम्ही तीन खाणींच्या वाळूंचे नमुने करून पाहिले.

प्रमाण : विरवून मुरवलेल्या चुन्याचा लगदा एक भाग, वाळू अडीच भाग, मापानं. वाळूच्या कणांमधली पोकळी तिच्या आकारमानाच्या साधारण तिसरा हिस्सा असते, ती भरायला तेवढा चुना लागतोच. वाळू बारीक असेल तर थोडा जास्त. कठड्यासाठी मात्र पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना वापरला, ३.५ प्रतीचा, कारण तिथला साधा चुना घट्ट होण्याआधीच धुऊन जायची भीती. माल मिक्सरमध्ये वीस मिनिटं फिरवला. पाणी जवळजवळ घालायचं नाही, लगद्यात असतं तेवढं पुरतं. आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून चुना मळायचे ते याचसाठी. मळून मळून तो मऊ होतो, पाणी घालून नाही. पातळ माल भरायला सोपा जातो आणि वाळताना तडकतो.

दरज खोदायची ती तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट. आमच्या दरजा ३/८ इंचाच्या, म्हणून खोली एक इंचाच्या थोडी आत, तळ चौकोनी. जुना चुना छिन्नीनं सहज निघतो. सिमेंट भरलेलं होतं तिथे ग्राइंडरनं आडव्या दरजेच्या मधोमध एकच चर मारला आणि उरलेलं छिन्नीनं आत पाडलं. उभ्या दरजांना ग्राइंडर लावायचा नाही. त्या अडीच इंचांच्याच असतात, चकती वरच्या आणि खालच्या विटेत घुसतेच, आणि त्या खुणा पुढची शंभर वर्षं दिसतात. उभ्या दरजांतलं सिमेंट विटेला इतकं चिकटलेलं असेल की काढताना कड तुटेल, तर ते तसंच ठेवावं. आम्ही वीसेक ठिकाणी ठेवलं.

भरण्याआधी पाणी मारायचं. दरज ओलसर हवी, पण चमकणारी नको. माल पाव इंचाच्या थरांत, प्रत्येक थर अंगठ्याचा ठसा उमटेल इतका घट्ट झाल्यावर पुढचा. शेवटचा थर विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा. कडेवर पसरला की दरज रुंद दिसते आणि त्याचा पापुद्रा सुटून पाणी आत ओढलं जातं. सगळं झाल्यावर ताठ ब्रशनं टिपल्यासारखं ठोकायचं, म्हणजे वाळू उघडी पडते आणि पृष्ठभाग श्वास घेतो. एक चांगला गवंडी दिवसाला तीस चौरस फूट करतो. खिडक्या वजा जाता आमची भिंत साडेतीनशे चौरस फुटांची होती.

नॅचेझच्या उन्हाळ्यात पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि हवा दमट. चुन्याचं काम ५ ते ३५ अंशांच्या मधेच करावं. त्यामुळे सकाळी लवकर आणि सावलीच्या बाजूनं काम, मग ओलं गोणपाट टांगून सात दिवस दिवसातून तीनदा हलकी फवारणी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगड होतो, आणि त्याला त्यासाठी ओल लागते. लवकर वाळला तर भुसभुशीत राहतो, बोट फिरवलं की पीठ निघतं. कोवळा असताना पाऊस लागला तर पांढरे ओघळ येतात. आधी तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना मागच्या भिंतीवर करून महिनाभर वाळू द्यावा, कारण ओल्या आणि वाळलेल्या चुन्याच्या रंगात बराच फरक असतो.

विटांवरचा रंग रसायनानं काढला आणि ४०० पीएसआयच्या आतल्या पाण्यानं धुतला. वाळूचा मारा कधीही नाही. त्यात भाजलेली कातडी निघून जाते आणि मऊ गाभा उघडा पडतो. धुतल्यावर कुणी चमकदार सीलर सुचवतंच. तोही नको, ओल आत कोंडते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. या गावातल्या १८६५ आधीच्या इमारतींच्या विटा बहुतांशी गुलामगिरीत ठेवलेल्या काळ्या माणसांच्या हातांनी थापलेल्या आहेत. गावाच्या कडेलाच फोर्क्स ऑफ द रोड हा दक्षिणेतला मोठा गुलामबाजार भरत असे. नवीन इमारतीत जुन्या पाडलेल्या विटा वापरण्याची रीत होती, त्यामुळे आमच्या मागच्या भिंतीतही जुनी वीट होती. त्यांतल्या तीन विटांवर बोटांचे ठसे होते. त्या आहेत तिथेच, ठसा बाहेर ठेवून बसवल्या आणि नकाशावर नोंदवल्या. जुनी वीट खराब झाली म्हणून ढिगात टाकण्याआधी तिच्या सगळ्या बाजू पाहाव्यात.

खालच्या मजल्याचे बीडाचे खांब साच्यात ओतून, आगगाडीनं किंवा बोटीनं आलेले. त्या काळी सेंट लुइसचे मेस्कर ब्रदर्स आणि एव्हान्सव्हिलचे जॉर्ज एल. मेस्कर अशा सख्ख्या भावांच्या दोन वेगळ्या कंपन्या कॅटलॉगमधून दुकानाचा अख्खा दर्शनी भाग विकत. ओळखायची सोपी खूण नक्षीत असते. सेंट लुइसच्या मालावर लिलीच्या फुलाचं फ्रेंच चिन्ह, एव्हान्सव्हिलच्या मालावर मॉर्निंग ग्लोरीची फुलं. उंबऱ्याच्या पट्टीवर किंवा खांबाच्या पायाशी नाव ओतलेलंही सापडतं, रंगाचे थर खरवडून पाहावं. मुंबईतल्या एस्प्लनेड मॅन्शनचा बीडाचा सांगाडाही असाच इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं आला होता. तिथे अख्खी इमारत त्या सांगाड्यावर आहे, इथे फक्त समोरचा भाग. बाकी भार विटा घेतात.

बीड दाबाला खंबीर, ताणाला कच्चं. ठोकलं तर तडकतं, आणि साध्या वेल्डिंगनं जोडायला गेलं की शेजारी नवी चीर पडते. खांब आतून पोकळ असतात. वरून झिरपलेलं पाणी पायाशी साठतं, गंज फुगतो आणि खांब आतून फाटतो. हातोडीच्या दांड्यानं खालून वर ठोकत जायचं, आवाज बदलला तिथे खूण करायची. एका खांबाच्या पायाला नऊ इंचांची चीर होती. आतून पोलादी पट्टी बोल्टनं आवळली, चीर इपॉक्सीनं भरली, आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी पाव इंचाचं भोक पाडलं, पाणी निघून जायला. रंगवताना हे भोक बुजू देऊ नये.

बीडावर ८० ते १०० पीएसआयनं बारीक खडीचा मारा चालतो, पण आजूबाजूच्या विटा आणि काचा प्लायवूडनं झाकून. जुना रंग शिशाचा असतोच. त्यामुळे प्लास्टिकचा बंद तंबू, कामगारांना गाळणीचे मास्क आणि रक्तातल्या शिशाची तपासणी. साफ केलेल्या बीडावर दमट हवेत काही तासांत गंज धरतो. सकाळी जेवढं साफ केलं तेवढ्याला संध्याकाळच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा साफ करायचं.

वरची कॉर्निस मात्र बीडाची नाही, जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याची. खालून दोन्ही सारखेच दिसतात, आणि इथेच घोटाळा होतो. पत्र्यावर खडीचा मारा केला तर तो वाकतो आणि मुलामा उडतो. हातानंच साफ करायचा. त्यावर तेलाचा रंगही लावायचा नाही, कारण जस्त आणि त्या रंगातलं तेल यांचा साबण होतो आणि दोन वर्षांत पोपडे निघतात. जस्ताच्या पत्र्यासाठीचा ॲक्रिलिक प्रायमर घ्यावा. फाटलेले सांधे घासून उजळ करून डाख दिला. मागची लाकडी चौकट दोन ठिकाणी कुजली होती, कारण माथ्याचा सपाट सांधा उघडला होता. तिथे बाहेर उतार देऊन नवा पत्रा चढवला. गहाळ झालेला एक ब्रॅकेट शेजारच्या ब्रॅकेटचा साचा घेऊन पत्र्यातच करून घेतला.

ॲल्युमिनियमचा पडदा उतरवला तेव्हा त्याचे बोल्ट विटांतच गाडलेले होते. ओढून काढले की वीट फुटते, म्हणून सभोवती कापून सोडवले. दुकानाच्या तावदानांच्या वरची, उजेडासाठीच्या झडपांची पट्टी प्लायवूडनं बुजवलेली होती, आणि मागे चार इंची चौकोनी काचा शाबूत होत्या, आतल्या बाजूला आडव्या धारांच्या. अशा काचा १८९७ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या अमेरिकन लक्सफर प्रिझम कंपनीनं लोकप्रिय केल्या. धारा रस्त्यावरचा उजेड वळवून दुकानाच्या पार मागपर्यंत फेकतात. काही काचा जांभळट झाल्या होत्या, कारण जुन्या काचेत मँगनीज घालत आणि उन्हानं त्याचा रंग चढतो. त्या ‘मॅच’ करण्यासाठी बदलू नयेत. पण मागे नंतर खालच्या पातळीवर बसवलेलं खोटं छत तसंच राहिलं तर या काचांचा काही उपयोग नाही. ते पूर्ण काढलं, आणि वर ठशानं नक्षी उठवलेल्या पत्र्याचं मूळ छत मिळालं.

तावदानांखालच्या सायप्रसच्या फळ्या खालच्या दोन इंचांतच कुजल्या होत्या. कुजलेला भाग कापून त्याच लाकडाचा तुकडा जोडला, फरशीपासून अर्धा इंच उचलला, आणि लाकडाच्या आडव्या कापाला प्रायमरचे दोन हात दिले. ओल तिथूनच चढते. वरच्या खिडक्यांचं लुकण जवसाच्या तेलाचं, ते रंगवण्याआधी आठवडाभर तरी सुकू द्यावं.

आतला गिलावा ठेवला. गिलावा काढून ‘उघडी वीट’ दाखवण्याची हौस अनेकांना असते आणि त्यापायी करसवलतीचा अर्ज अडकतो, कारण आतून वीट कधीच दिसत नव्हती. शिवाय भिंतीच्या आतल्या थरांत कच्च्या भाजणीच्या विटा भरत. त्या उघड्या पडल्या की रोज धूळ सोडतात.

तिसऱ्या भागाचे फोटो पहिल्यांदा जिथून काढले तिथूनच काढले, त्याच नकाशावरच्या त्याच बाणांनी. पहिला हिवाळा गेल्यावर शिडी लावून प्रत्येक दरज खिळ्यानं टोचून पाहिली. दर्शनी भिंत घट्ट होती. कठड्याच्या नैऋत्य कोपऱ्यात अकरा दरजा भुसभुशीत निघाल्या. तिथलं गोणपाट वाऱ्यानं उडालं होतं आणि दोन दिवस कुणी वर गेलं नव्हतं. त्या एक इंच खोदून पुन्हा भरल्या, आणि या वेळी गोणपाटाला खाली विटा बांधल्या.